सांत्वनाची ठेव

वचनाधार : २ करिंथ १:३-७, मार्क ९:१४-२९, गलती ६:२-५



आमच्या मंडळीत एक तरुण दांपत्य नियमितपणे उपासनेस येत असे. त्यांच्या थोरल्या मुलास सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झाल्यामुळे त्याचे हातपाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत, आणि मनातले सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नाहीत, केवळ आवाज आहे. एका रविवारी मूकप्रार्थनेच्या वेळी तो मोठ्याने ओरडला. पुढच्या बाकांवरील चार माना मागे वळल्या. कोणी रागावले नाही, कोणी बाहेर जाण्यास सांगितले नाही. माना तेवढ्या वळल्या. पुढच्या रविवारी ते कुटुंब शेवटच्या बाकावर बसले. त्यानंतर काही आठवडे ते व्हरांड्यात बसत. नाताळानंतर ते येईनासे झाले.

त्या चार मानांपैकी एक माझी होती, हे आपणांपुढे कबूल करूनच मला पुढे लिहिता येईल.

ते येईनात म्हणून मी एके दिवशी त्यांच्या घरी गेले. अर्थात पवित्र शास्त्र घेऊन गेले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन वाचले, त्यावर चार वाक्ये बोलले, प्रार्थना केली, चहा घेतला. निघताना ती माउली उंबरठ्यापर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, वचन खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता दूध पाजताना ह्याला ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. तेव्हा मी कोणाला विचारू?"

मजजवळ उत्तर नव्हते. मूळ इब्री व ग्रीक शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. पण त्या उंबरठ्यावर मला एकही मराठी वाक्य सुचले नाही. तिने मागितला होता तो एक माणूस. मी दिले होते ते एक वचन. वचनात काही उणे नव्हते. उणीव माझ्या देण्यात होती.

म्हैसूरची वाट

ह्या प्रश्नाचे उत्तर मला म्हैसूर येथे सापडले, आणि तेही मी ते शोधीत नसताना. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत भाषेचे अभ्यासक देशभरातून येतात. तेथील एका कार्यशाळेसाठी मी सोलापूरहून गोलगुंबझ एक्स्प्रेसने निघाले होते. समोरच्या बाकावर एक तरुण स्त्री होती, आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी. मुलीच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे होती. ती माउली तिच्याशी सारखी बोलत होती : "हे बघ, पूल आला. नदी आली. पाणी बघ, पाणी." जणू प्रत्येक वस्तूचे नाव तिला देणे लागत होते.

विजापूर येण्यापूर्वीच आमची ओळख झाली. ती सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातली. मुलगी दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना, तेव्हा घरच्यांनी प्रथम देवऋषी केला, मग डॉक्टर. डॉक्टरांनी सांगितले की मुलीला ऐकू येत नाही. पुढे कोणीतरी म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेचे नाव सांगितले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था त्याच मानसगंगोत्रीत आहे, आणि बोलण्याऐकण्याच्या अडचणींसाठी दूरदूरच्या राज्यांतून लोक तेथे मुले घेऊन येतात. पण ह्या माउलीला खरा धीर मिळाला तो आणखी एका ठिकाणी. म्हैसुरात कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या संघटनेने चालविलेली एक शाळा आहे. तिचा नियम जगावेगळा आहे : मुलाबरोबर आईलाही शाळेत यावे लागते. आईच शिक्षिका होते. आपल्या मुलाला कसे ऐकवावे, कसे बोलते करावे, हे ती शिकते आणि इतर आयांच्या मुलांनाही शिकविते. मूल सर्वसाधारण शाळेत जाण्याजोगे होईपर्यंत आई व मूल तेथेच विद्यार्थी असतात.

"नवऱ्याला सोडून, गाव सोडून इथं येऊन राहायचं, हे अवघड नाही का?" मी विचारले.

"अवघड तर आहेच," ती म्हणाली. "पण गावात मी एकटीच 'मुकीची आई' होते. इथं आम्ही सगळ्याच आहोत."

कार्यशाळेतून एका दुपारी सवड काढून मी तिला भेटण्यास गेले. नुकतीच आलेली एक आई कोपऱ्यात बसून रडत होती. तिचे मूल यंत्र कानातून उपटून फेकीत होते. फेकताना ते फुटले तर दुसरे घ्यायला पैसे कोठून आणावेत, ही तिची भीती. माझी सोलापूरची मैत्रीण तिच्याशेजारी जाऊन बसली. "रडू नको" असे ती म्हणाली नाही. अर्ध्या कानडीत, अर्ध्या हिंदीत ती म्हणाली, "मीही पहिले चार महिने अशीच रडले. रड. मग आपण साचा धुऊ." थोड्या वेळाने दोघी मिळून कानातला तो छोटासा साचा पुसू लागल्या. यंत्राला दोरी बांधून ती फ्रॉकला पाठीमागे कशी अडकवावी, हेही तिने दाखविले. म्हणजे मुलाने यंत्र उपटले तरी ते जमिनीवर पडणार नाही.

वाचकहो, मी पाहत राहिले. उंबरठ्यावर मला जे वाक्य सुचले नव्हते, ते हेच होते.

जवळ बोलावणे

पौल करिंथकरांस दुसरे पत्र लिहितो तेव्हा आरंभीच, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ते सातव्या वचनांत, एकच शब्द निरनिराळ्या रूपांनी दहा वेळा वापरतो. तो ग्रीक शब्द आहे 'पाराक्लेसिस', आणि त्याचे क्रियापद 'पाराकालेओ'. मराठीत आपण त्यास सांत्वन म्हणतो. ह्या मूळ शब्दाचे दोन भाग आहेत : 'पारा' म्हणजे शेजारी, आणि 'कालेओ' म्हणजे हाक मारणे. कोणासही शेजारी बोलावून घेणे, वा हाकेसरशी कोणाच्या शेजारी जाऊन उभे राहणे, ही ह्या शब्दाची मूळ चाल. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यास ह्याच धातूपासून आलेले नाव दिले आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्याचे भाषांतर 'कैवारी' असे झाले आहे. कैवार समोर उभे राहून घेता येत नाही. तो बाजूला उभे राहूनच घ्यावा लागतो.

परंतु ह्या उताऱ्याचा कणा त्या शब्दात नसून चौथ्या वचनातील एका हेतुवाचक जोडणीत आहे. देव आपल्या सर्व संकटांत आपले सांत्वन करतो ते कशासाठी? आपण सुखी व्हावे म्हणून, असे पौल तेथे म्हणत नाही. ज्या सांत्वनाने देवाने आपणांस सावरले, त्याच सांत्वनाने संकटात सापडलेल्या दुसऱ्यांस आपणांस सावरता यावे, हा त्याचा हेतू. म्हणजे मिळालेले सांत्वन ही आपली मिळकत नव्हे. ती दुसऱ्या कोणासाठी आपणांजवळ ठेवलेली ठेव आहे. ती घरी कुलपात ठेवली तर ती ठेव राहत नाही. तो अपहार होतो.

हे शब्द पौलाने सुखात लिहिले नाहीत. लगेच पुढे, आठव्या वचनात, आशियात आपण जिवाचीही आशा सोडली होती, असे तो सांगतो. तो त्या दरीतून आलेला होता. म्हणून त्याला त्या दरीविषयी बोलण्याचा अधिकार होता. म्हैसूरच्या त्या माउलीस तोच अधिकार होता. तिने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. तिने चार महिन्यांचे अश्रू घेतले होते, आणि ते तिने फुकट जाऊ दिले नाहीत.

दोन पालक, ज्यांची भेट झाली नाही

शुभवर्तमानांत आजारी मुलांचे अनेक पालक येतात. त्यांपैकी दोघांकडे मी आपले लक्ष वेधते. मार्काच्या नवव्या अध्यायात एक पिता आपल्या मुलास घेऊन येतो. मुलगा बोलत नाही. झटका येतो, तो पडतो, फेस येतो. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात एक कनानी माता आपल्या मुलीसाठी प्रभूमागे ओरडत येते.

पित्याच्या कथेचा आरंभ पाहा. मुलगा तेथेच आहे, बाप तेथेच आहे, आणि त्यांच्याभोवती शास्त्री व शिष्य वाद घालीत आहेत. किती ओळखीचे चित्र आहे हे! दिव्यांग मुलाच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर आपण वाद सुरू करतो. नात्यात लग्न झाले म्हणून असे झाले काय? गरोदरपणी काही खाण्यात आले काय? विश्वास कमी पडला काय? वाद चालू असतो आणि मूल जमिनीवर असते.

प्रभू येतो तेव्हा वादात पडत नाही. तो बापास एक साधा प्रश्न विचारतो : ह्याला असे होऊन किती काळ झाला? जो सर्व जाणतो, त्याने हा प्रश्न का विचारावा? मला वाटते, बापाला सांगता यावे म्हणून. आजवर सर्वांनी त्याला ऐकविले होते. विचारले कोणी नव्हते. बाप सांगू लागतो : लहानपणापासून, कधी आगीत, कधी पाण्यात. त्यानंतर तो मदत मागतो, ती मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनात आहे. तो 'ह्याला' मदत कर असे म्हणत नाही, 'आम्हांला' म्हणतो. कनानी माताही मुलीवर दया कर असे न म्हणता आपल्यावर दया कर असे म्हणते. मुलाच्या अपंगत्वाने संपूर्ण घराला वेढलेले असते, हे ह्या दोघांनी आपल्या व्याकरणातूनच सांगितले आहे.

ह्या दोघांची एकमेकांशी कधी भेट झाली नाही. तो गालीलाच्या उत्तरेकडे, ती सोर व सीदोनाच्या बाजूला. मी कधी कधी मनाशी म्हणते, त्यांची भेट झाली असती तर? "तुमचं मूल रात्री झोपतं का?" असे तिने विचारले असते. "तुला शिष्यांनी हाकलून लावायला सांगितलं तेव्हा तू परत का फिरली नाहीस?" असे त्याने विचारले असते. आणि अर्धा विश्वास व अर्धा अविश्वास घेऊन येणाऱ्या त्या बापाला तिच्या हट्टाने बळ मिळाले असते.

योहानाच्या नवव्या अध्यायात तिसरे पालक आहेत, जन्मांध मुलाचे. शिष्यांचा प्रश्न आपल्या समाजात आजही गल्लोगल्ली विचारला जातो : पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. त्या एका उत्तराने जगातील प्रत्येक दिव्यांग मुलाच्या आईबापांवरील आरोप त्याने रद्द केला आहे. तरीही त्याच अध्यायात ते आईबाप सभास्थानाच्या भीतीने थरथरताना दिसतात. मुलाला दृष्टी आली तो दिवस त्यांना आनंदाने साजरा करता आला नाही. त्यांच्या बाजूला उभे राहणारे दुसरे एकही दांपत्य त्या गावात नव्हते. त्यांच्या तोंडून मात्र एक मोलाचे वाक्य निघाले : तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. भीतीने म्हटले असले, तरी ते खरे होते. मुलाविषयी बोलताना मुलाला विसरू नये, हा धडा आपण त्यांच्यापासून घ्यावा.

ओझे आणि भार

आता भाषांतर करणाऱ्यास अडखळविणारे एक ठिकाण. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनी पौल म्हणतो की आपण एकमेकांचे ओझे वाहावे; तीनच वचने पुढे तो म्हणतो की ज्याचा भार त्याने वाहावा. हा विरोधाभास काय? मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. दुसऱ्या वचनातील 'बारोस' म्हणजे माणसाला चिरडून टाकणारे वजन. पाचव्या वचनातील 'फोर्तियोन' म्हणजे वाटसरूच्या पाठीवरील शिदोरीचे गाठोडे, ज्याचे त्याने न्यायचे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू आपला भार हलका आहे म्हणतो, तेथे हाच 'फोर्तियोन' शब्द आहे.

हा भेद आपल्या विषयास तंतोतंत लागू पडतो. मूल हे ओझे नव्हे! मूल हा देवाने त्या मातापित्यांस सोपविलेला भार आहे, आणि माझ्या पाहण्यात तरी कोणत्याही आईने तो भार दुसऱ्याच्या पाठीवर टाकण्याची इच्छा केलेली नाही. ओझे निराळे आहे. लोकांच्या नजरा, हे ओझे. जावेने आपली मुले खेळायला न पाठविणे, हे ओझे. थेरपीसाठी काढलेले कर्ज, दाखल्यासाठी रुग्णालयाच्या खेपा, पाच वर्षे न मिळालेली सलग झोप, हे ओझे. आणि सर्वांत जड ओझे म्हणजे दिवा मालविल्यानंतर प्रत्येक आईबापाच्या मनात येणारा एक प्रश्न : आमच्या पश्चात ह्याचे कोण?

हे ओझे एकट्याने उचलले तर माणूस चिरडतो. अनेकांनी मिळून उचलले तर काय घडते, हे आपल्या देशातील पालकांनी दाखविले आहे. मुंबईजवळ डोंबिवलीच्या परिसरात खोणी येथे 'घरकुल' नावाचे निवासस्थान आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांनी अमेय पालक संघटनेच्या रूपाने एकत्र येऊन ते उभे केले. 'आमच्या पश्चात कोण' ह्या प्रश्नाला त्यांनी 'आपण सर्व' असे उत्तर दिले. १९९५ साली बंगळूर येथे ठिकठिकाणच्या पालक संघटना एकत्र येऊन 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ निर्माण झाला. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. अशी व्यक्ती अठरा वर्षांची झाली की तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय ह्या कायद्याने जिल्हा पातळीवरील समितीद्वारे केली, आणि ह्या समितीत जिल्हाधिकारी असतात. न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांच्या नऊ प्रतिनिधींपैकी तिघे पालक संघटनांचे असावेत, अशीही त्यात तरतूद केली गेली. म्हणजे आईबापांचा अनुभव हा केवळ अश्रूंचा विषय नसून शहाणपणाचा साठा आहे, हे राज्याने मान्य केले. मंडळीने ते मान्य करण्यास मागे का राहावे?

ह्या शहाणपणाची गरज का पडते, तेही पाहा. अमेरिकेतील पाहण्यांत असे दिसून आले की कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. म्हणजे आजी, आत्या, मावशी ह्यांच्याकडून मूल वाढविण्याचे जे ज्ञान घरात वारशाने येते, ते ह्या घरात नसते. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. आपली मंडळी ह्या देशातच आहे. तेव्हा 'आमच्याकडे अशी मुले नाहीत' असे ज्या मंडळीस वाटते, तिने आपल्या व्हरांड्याकडे पाहावे. आणि व्हरांडाही रिकामा असेल, तर तो का रिकामा झाला, हे स्वतःस विचारावे.

आपल्या मिशनांनी ह्या क्षेत्रात थोर कार्य केले आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या काळी अंध भगिनींसाठी सदन उघडले गेले आणि बार्तीमयाचे नाव त्यास देण्यात आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण संस्था काढणे ही एक सेवा, आणि शेजारी बसणे ही दुसरी. पहिलीमुळे दुसरीतून आपली सुटका होत नाही. फ्रान्समध्ये असेच एक दांपत्य होते. त्यांची दोन्ही मुले तीव्र दिव्यांग. मुलांसह तीर्थयात्रेच्या मेळ्यात सामील होण्याची त्यांची इच्छा होती, पण त्यांस सामावून घेतले गेले नाही. त्या दुःखातून १९७१ च्या ईस्टरला लूर्द येथे पंधरा देशांतील सुमारे बारा हजार यात्रेकरू जमले. त्यांत सुमारे चार हजार दिव्यांग होते. घरी परतल्यावर त्या कुटुंबांनी एकमेकांना सोडले नाही. गावोगावी ती महिन्यातून एकदा जमू लागली, आणि त्यातून 'फेथ अँड लाइट' नावाची चळवळ अनेक देशांत पसरली. पंथ कोणताही असो, हा धडा सर्वांसाठी आहे.

मंडळीने काय करावे?

प्रिय बंधुभगिनींनो, मी मोठे काही सांगत नाही. इमारत नको, निधी नको, फलकही नको. आपल्या मंडळीत आणि शेजारच्या दोनचार मंडळ्यांत अशी किती कुटुंबे आहेत, ह्याची पाळकांनी व वडीलजनांनी शांतपणे माहिती घ्यावी. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी. महिन्यातून एकदा एखाद्या घरी त्यांनी बसावे. मंडळीतील तरुणांनी त्या दोन तासांत मुलांना सांभाळावे, म्हणजे आईबापांस निवांत बोलता येईल. आणि तेथे उपदेशकाने उपदेश करू नये. बोलाविल्यास चहा करावा.

त्या बैठकीत काय बोलले जाईल? दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड कसे काढावे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा कसा मिळतो. कोणती शाळा खरोखर प्रवेश देते आणि कोणती केवळ अर्ज घेते. ह्या गोष्टी धार्मिक नाहीत असे कोणास वाटेल. माझ्या मते ठसका लागलेल्या लेकरास कसे धरावे हे आईस सांगणारा माणूस त्या रात्री तिच्यासाठी देवाचा दूतच असतो.

तीन सावधगिरीच्या गोष्टीही सांगणे अगत्याचे आहे. एक, अनुभवी पालक हा डॉक्टर नव्हे. एकाच्या मुलास लागू पडलेले औषध दुसऱ्याच्या मुलास देऊ नये. आणि हमखास गुण देतो म्हणून पैसे मागणारा वैद्य असो की प्रार्थनावीर, त्याच्यापासून ह्या कुटुंबांनी परस्परांस सावध करावे. दोन, तेथे ऐकलेले तेथेच राहावे. ते प्रार्थनेच्या विनंतीच्या आडोशाने गावभर जाऊ नये. तीन, वडिलांस विसरू नये. आपल्याकडे हा सारा भार आईच्या गळ्यात घालून बाप कामाच्या आड लपतो. बहुधा तोही रडण्यासाठी जागा शोधीत असतो. मार्काच्या नवव्या अध्यायात मुलाला घेऊन येणारा बाप होता, हे पुरुषांनी ध्यानात ठेवावे. आणि ज्या मंडळीत प्रौढ कर्णबधिर, अंध वा अपंग बंधुभगिनी आहेत, तिने त्यांसही ह्या बैठकीस आदराने बोलवावे. मूल मोठे झाल्यावर त्याचे जीवन कसे असते, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

पुन्हा त्याच उंबरठ्यावर

म्हैसूरहून परतल्यावर मी त्या दांपत्याच्या घरी पुन्हा गेले. ह्या वेळी एकटी गेले नाही. शेजारच्या तालुक्यातील मंडळीत एक साठीच्या काकू आहेत. त्यांचा मुलगाही सेरेब्रल पाल्सीचाच; आता तो सव्वीस वर्षांचा आहे. मी ओळख करून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

काकूंनी प्रथम मुलाच्या गालाला हात लावला आणि त्याच्याशीच बोलल्या. मग त्यांनी आईला विचारले, "किती दिवसांपासून ठसका लागतो ह्याला?" मी दचकले. प्रभूचाच तो प्रश्न होता, आणि काकूंना ते ठाऊकही नव्हते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बाळा, तू निजवून पाजतेस का? मीही तसंच करायचे. कोणी सांगितलंच नव्हतं. थोडं बसतं करून, मान सावरून बघ. आणि थेरपिस्टला नक्की विचार; कसं धरायचं ते ते दाखवतील." पुढे दोन तास त्या बोलत होत्या. मुलाचा बापही कामावरून आला तो दारातच बसून ऐकत राहिला. कोणी वचन वाचले नाही. परंतु करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील पहिला अध्याय मी त्या दिवशी त्या घरात घडताना पाहिला.

मुलगा बरा झाला, असे मी सांगणार नाही, कारण ते खरे नाही. ते कुटुंब आता दर रविवारी उपासनेस येते, असेही नाही. महिन्यातून एकदोनदा येते. येते तेव्हा मधल्या बाकावर बसते, आणि काकू आमच्या गावी असल्या तर त्यांच्या शेजारी. मुलगा अजूनही कधी कधी मोठ्याने ओरडतो. माझी मान आता वळत नाही. त्याच्याजवळ जी प्रार्थना आहे ती तो करतो, असे मी समजते.

त्या पहिल्या दिवशी निघताना त्या माउलीने उंबरठ्यावर मला पुन्हा गाठले. ह्या वेळी तिचा प्रश्न निराळा होता : "ताई, काकू परत कधी येतील?" आणि गेल्या पावसाळ्यात तिने मला आणखी एक प्रश्न विचारला : "आमच्या गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलंय. त्यांची मुलगी आमच्या ह्याच्यासारखीच आहे. मी जाऊ का त्यांच्याकडे?"

वाचकहो, ठेव पुढे निघाली होती. आपणांजवळ कोणाची ठेव आहे?

प्रार्थना : हे करुणामय पित्या, सर्व सांत्वनाच्या देवा, आमच्या वळलेल्या मानांची आम्हांस क्षमा कर. जे आईबाप आज रात्री एकटे जागत आहेत, त्यांच्या दारी त्याच वाटेने गेलेल्या कोणास तरी पाठीव. ज्यांना तू सावरले आहेस त्यांना उठीव, आणि त्यांना मिळालेले दुसऱ्याच्या हाती देण्याचे धैर्य दे. जी मुले आम्हांस शब्दांनी सांगू शकत नाहीत, त्यांच्या आवाजात तुझी हाक ऐकण्यास आमचे कान उघड. जो आमच्या शेजारी राहावयास आला त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.